दाराबाहेरचे सर

आमच्या सरांनी जर्नलच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही. जर्नलचे सल्लागार ते, जर्नल सुरू केलं त्यांनी, ग्रंथालयामागची मोडक्या बाकांची खोली मिळावी म्हणून प्राचार्यांचं डोकं खाल्लं त्यांनी. आणि खोली मिळाल्यावर स्वतः बाहेर व्हरांड्यात निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसले. बाजूला फरशीवर चहाचा थर्मास, मांडीवर पेपर. एप्रिलात व्हरांड्यावरचा पत्रा असा तापायचा की उभं राहवत नसे. आम्ही म्हणायचो, "सर, आत पंखा आहे, या ना." ते पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "पंख्यालाच बाहेर पाठवा."

कॉलेजात सर पुष्कळ, म्हणून यांना सगळे 'बाहेरचे सर' म्हणत. शिपाईमामा म्हणत, ग्रंथपाल म्हणत, प्राचार्यसुद्धा चुकून म्हणून जात. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. फोनवरसुद्धा कधीकधी "मी बाहेरचा बोलतोय" अशी सुरुवात करत.

मी पैठण तालुक्यातल्या खेड्यातून आलेली, वसतिगृहात राहणारी आणि भांडखोर. शेवटचं आधीच सांगून टाकते, कारण पुढं ते लागणार आहे. जर्नलच्या संपादक मंडळात निवड झाली त्याच दिवशी मी सरांना विचारलं, की तुम्हाला आत यायला नेमकी अडचण काय आहे. सरांनी थर्मासच्या झाकणात मला चहा ओतून दिला आणि म्हणाले, "मी आत आलो की बोलणार. मी बोललो की तुम्ही माना हलवणार. न् तुम्ही माना हलवल्या की जर्नल मेलं. त्यापेक्षा मी इथंच बरा."

जर्नल कायद्याचं, पण फक्त मराठवाड्यापुरतं. लेख वकिलानं पाठवावा, प्राध्यापकानं पाठवावा, विद्यार्थ्यानं पाठवावा. निवडणार, छाटणार आणि नाकारणार मात्र विद्यार्थीच. एका परिसंवादात पुण्याच्या एका विद्वानांनी सरांना फार मायेनं समजावलं होतं, की एवढ्याशा भागाचं जर्नल काढून काय उपयोग, विषय राष्ट्रीय पातळीवर न्या. सर म्हणाले, "बांधाचं भांडण राष्ट्रीय पातळीवर होत नसतं साहेब. बांधावर होतं." मग त्या गृहस्थांनी भाषेचा मुद्दा काढला, की मराठीत कायद्याचं लिखाण कोण गंभीरपणे घेणार. सर उठून उभेच राहिले. "आमची माणसं कोर्टात मराठीत रडतात, मराठीत खोटं बोलतात. त्यांच्यावरचा लेख मराठीत असला तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण काय?" आम्ही मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. परतीच्या एसटीत मला वाटलं, आता आपल्याला कुणी हात लावू शकत नाही. वय तसंच होतं.

दर शनिवारी मंडळाची बैठक असायची आणि आत आम्ही भांडायचो. एखाद्या निकालाचा अर्थ काय, लेखकानं कुठं वेळ मारून नेलीय, कुणाचं मराठी कुणी बिघडवलं, यावरून आवाज चढायचे. दार नीट लागत नसे, त्यामुळं बाहेर सगळं ऐकू जायचं. पण सरांना ऐकायचं नसायचं. आवाज वाढला की ते खुर्ची थोडी लांब सरकवत. अजून वाढला की अजून लांब. साधी कुरबुर असली तर बाहेर पडताना सर खिडकीखाली सापडत, बरं भांडण झालं असलं तर जिन्यापाशी, आणि अगदी कडाक्याचं झालं असलं तर पार पाण्याच्या कूलरजवळ. मग विचारत, "मिटलं का?" काय मिटलं ते कधीच विचारत नसत.

त्यांनी घालून दिलेला नियम एकच, आणि तो दुसऱ्या कुठल्या जर्नलात मी अजून पाहिलेला नाही. ज्या गावाबद्दल, ज्या माणसांबद्दल लेख आहे त्यांच्यात जाऊन तो आधी मोठ्यानं वाचून दाखवायचा. "तोंडावर वाचून दाखवायची लाज वाटती ते लिहू नये," असं त्यांचं म्हणणं. बजाजनगरचा संतोष आमच्याच वर्गातला. त्याचे वडील वाळूजला कंपनीत होते. त्यानं कंत्राटी कामगारांवर लेख लिहिला आणि आमच्यात तोच एक विषय होऊन बसला, इतका तो चांगला होता. सरांनी विचारलं, "वाचून दाखवला?" संतोष म्हणाला, "सर, मी तिथलाच आहे." सर म्हणाले, "मग तर जवळच आहे, जा." तो शिफ्ट सुटल्यावर वडिलांच्या ओळखीच्या कामगारांना एका खोलीवर जमवून वाचून आला आणि तोंड पाडून परतला. कामगार म्हणाले होते, सगळं खरंय, पण तू आम्हाला बिचारं केलंस, आम्ही काय बिचारे आहोत का. संतोषनं चिडत चिडत सगळे 'दुर्दैवी' आणि 'असहाय' खोडले. लेख अर्ध्यावर आला, आणि खरोखर झणझणीत झाला.

आता मुद्द्यावर येते. आमच्याकडं लेख आले की ग्रंथपाल त्यावरचं नाव काढून घेत आणि आम्हाला नुसता लेख देत. निर्णय झाल्यावरच नाव कळायचं. मी मुख्य संपादक असताना एक लेख आला, खुलताबादजवळच्या एका गावातल्या इनाम जमिनींवर. निजामाच्या काळात सेवेच्या बदल्यात दिलेल्या या जमिनी आज नक्की कुणाच्या, हा आमच्या भागातला न संपणारा मसला. लेखकाचा अभ्यास दांडगा होता. जुने कायदे, उर्दू कागद, निकाल, सगळं होतं. पण वाचता वाचता मला कळलं की हा माणूस त्या गावात गेलेलाच नाही. जमीन होती, कागद होते, कसणारा कुठंच नव्हता. आत मोठं भांडण झालं. संतोष म्हणाला, इतका अभ्यास आपल्याला पुन्हा मिळणार नाही, छापू. मी म्हणाले, मग तुझे कामगार काय उगाच होते का. शेवटी लेख नापास झाला आणि शेरा मी लिहिला: 'लेखकाने लेख संबंधित गावात वाचून दाखवलेला दिसत नाही. वाचून दाखवावा, मग पाठवावा.'

मग ग्रंथपालांनी नाव सांगितलं. लेख सरांचा होता.

सरांची तीस वर्षांची मेहनत त्या लेखात होती, हे आम्हाला आता कळलं. निवृत्ती जवळ आली होती आणि त्याआधी हे एक काम छापून यावं अशी त्यांची इच्छा होती, तेही ग्रंथपालांनीच सांगितलं. संतोष म्हणाला, पुन्हा वाचू, कदाचित आपलंच चुकलं असेल. मी म्हणाले, "चुकलेलं नाही." आजही म्हणते. पण बाहेर जाऊन सांगायचं कुणी? मीच गेले. सर कूलरजवळ होते. मी शेरा लिहिलेला कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. आणि हसले. म्हणाले, "नियम माझाच हाय म्हणा." मी घाईघाईनं म्हणाले, की मंडळ फेरविचार करायला तयार आहे. त्यावर मात्र त्यांचा आवाज कधी नव्हे तसा बदलला. "नाव कळल्यावर फेरविचार? मग नाव झाकता कशाला? मी बाहेर बसतो ते काय हवा खायला?" मी मान खाली घालून आत आले. दार लावून घेतलं, जेवढं लागायचं तेवढं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत संस्थेच्या अध्यक्षांचा लेख आला. त्यांना सगळे साहेब म्हणत. लेख कसला, सत्काराला उत्तर म्हणून केलेलं भाषण होतं, मराठवाड्याची न्यायपरंपरा वगैरे. नाव झाकलेलं होतं, पण 'मी ही संस्था उभी केली तेव्हा' अशी वाक्यं कशी झाकणार. आम्ही वाचलं, नियमानं चर्चा केली, नापास केलं. खरं सांगायचं तर शेरा मी तीनदा खोडून लिहिला, कारण मागच्याच वर्षी माझी वसतिगृहाची जागा साहेबांच्या शिफारशीनं मिळाली होती. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मी त्याला म्हणाले असते, जाऊ दे बाबा, छाप.

साहेबांनी बोलावलं. मी आणि संतोष त्यांच्या केबिनमध्ये उभे, प्राचार्य कोपऱ्यात रुमालानं मान पुसतायत. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं, मीही ओरडले असते. त्यांनी आम्हाला चहा मागवला आणि विचारलं, "बाळ, माझ्या लेखात काय कमी होतं?"

मी म्हणाले, "साहेब, भाषण चांगलं होतं. लेख नव्हता."

"तुमचे सर लिहितात ते लेख असतात, आणि आम्ही लिहितो ते भाषण?" साहेब दाराकडं बघून म्हणाले, "सर, तुम्हीच सांगा यांना."

मी वळून पाहिलं. सर केबिनच्या दारात उभे होते. दारात म्हणजे अगदी दाराबाहेर, पायांची बोटं उंबऱ्याला टेकलेली. तिथंसुद्धा आत आले नव्हते.

"साहेब, माझा दस्तूर तुम्हाला ठाऊक आहे. पोरांच्या निर्णयात मी येत नाय. पण एक सांगतो. माझाबी लेख नापास केलाय. ह्याच पोरीनं."

साहेबांच्या हातातला कप तसाच राहिला. "तुमचा? आणि तुम्ही चालवून घेतलं?"

"त्यात चालवून काय घ्यायचं? बरोबर होतं."

प्राचार्यांचा रुमाल थांबला. मग साहेब अगदी शांतपणे म्हणाले, "ज्या जर्नलात संस्थेला जागा नाही, त्याला संस्थेत तरी जागा कशाला?" आम्ही चहा न पिता बाहेर पडलो. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं होतं. व्हरांड्यात सर म्हणाले, "रडती कशाला? खोलीच गेली ना? खोलीत कुठं जर्नल होतं?" मग जरा थांबून म्हणाले, "खुर्ची मात्र माझ्या पैशाची हाय, ती आण."

माझी वसतिगृहाची जागा साहेबांनी काढून घेतली नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. खोली मात्र गेली आणि छपाईही बंद झाली. आम्ही औरंगपुऱ्यातल्या एका चहाच्या हॉटेलात बसायला लागलो. हॉटेलला पुढून दारच नव्हतं, सगळं रस्त्याला उघडं. आता सर कुठं बसणार, हा मोठाच प्रश्न. त्यांनी तो आल्या आल्या सोडवला. आम्ही आतल्या टेबलाशी, ते रस्त्याकडच्या टेबलाशी, आमच्याकडं पाठ करून. हॉटेलवाल्या चाचांना हे काही पटेना. "सर, बच्चे उधर बैठे, तुम इधर कायकू?" सर म्हणाले, "नक्को चाचा, मैं बाहर का आदमी हूं." आमचा आवाज चढला की चाचा घाबरून सरांकडं बघत, आणि सर आपलं स्टूल रस्त्याच्या दिशेनं सरकवत. एकदा तर पार फुटपाथवर गेले होते, रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. तो अंक आम्ही झेरॉक्सवर काढला आणि बाकी सगळ्यांना मोबाईलवर पाठवला. हायकोर्टाच्या खंडपीठातल्या वकिलांच्या ग्रुपवर तो इतका फिरला की छापील अंक कधी फिरला नव्हता.

आणि सरांच्या लेखाचं काय झालं? सर त्या गावात गेले. एसटीनं गेले, पारावर माणसं जमवली आणि लेख वाचायला लागले. ऐकता ऐकता तिथंच दोन चुलतभावांची जुंपली. एक म्हणे यंदा जमीन कसायची पाळी माझी, दुसरा म्हणे तुझी मागच्या साली झाली. सरकारी कागदावर एकाच घराचं नाव, आणि गावात जमीन घरोघर पाळीनं कसली जातेय, हे सरांना त्या भांडणातून कळलं. ते मला फोनवर सांगत होते तेव्हा त्यांचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "अगं, लेख उलटा झाला माझा. सगळा उलटा."

मी म्हणाले, "मग पाठवा ना सर, याच अंकात घेऊ."

"तुम्ही आता ओळखणार. तुम्ही वाचून चालायचं नाय."

"मग?"

"तुमची तुकडी पास होऊन जाऊ दे. घाई काय हाय?"

आणि खरोखर थांबले. आम्ही पास झालो, वकिलीच्या सनदा काढल्या, मी खंडपीठात वकिली करायला लागले. सर निवृत्त होऊन खुलताबादला आपल्या घरी गेले. आम्हाला ओळखणारं शेवटचं पोरगंही मंडळातून बाहेर पडलं, तेव्हा कुठं त्यांनी लेख पाठवला. नव्या मंडळानं बराच छाटला आणि छापला. अंक मोबाईलवर आला तसा मी त्यांना फोन केला. म्हणाले, "अर्धा कापला पोरांनी. जेवढा राहिला तेवढाच चांगला होता." पुढच्या हिवाळ्यात ते गेले. मी पोचले तेव्हा अंगणात तीच निळी खुर्ची होती आणि तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. मी भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. कोर्टात मला लोक घाबरतात, ते त्या दिवशी तिथं असते तर घाबरले नसते.

मग मी जर्नलसाठी सरांवर लेख लिहिला. त्यांचं इनाम जमिनींवरचं काम, त्यांचा वाचून दाखवायचा नियम, स्वतःचा लेख नाकारला गेला तेव्हा त्यांनी नकार हसत स्वीकारला, सगळं लिहिलं. मनात अशी खात्री की पोरं डोक्यावर घेतील. दोन आठवड्यांनी शेरा आला: 'लेखात आदर पुष्कळ आहे, पुरावा कमी आहे. शिवाय संबंधित गावात वाचून दाखवलेला दिसत नाही.'

माझं टाळकं सरकलं. ज्या जर्नलसाठी मी साहेबांसमोर उभी राहिले, त्याची ही काल आलेली पोरं मला शिकवणार? स्कूटी काढली आणि तडक औरंगपुऱ्यात गेले. हॉटेलाजवळ पोचले तर आतल्या टेबलावर कडाक्याचं भांडण चाललं होतं, आणि ते माझ्याच लेखावरून होतं. एक मुलगी म्हणत होती, "मॅडम मोठ्या असतील, पण लेख कच्चा आहे." चाचांनी मला ओळखलं आणि पुढं होऊन म्हणाले, "जाओ मॅडम, अंदर जाओ." मी रस्त्याकडच्या टेबलापाशी थांबले. मला आत जायचं होतं, त्या मुलीला दोन शब्द सुनवायचे होते. चहा प्यायले आणि स्कूटीला किक मारून परत आले.

रविवारी लेख घेऊन खुलताबादला गेले. सरांच्या पत्नींना आम्ही काकू म्हणायचो. त्यांनी पेरू कापून तिखट-मीठ लावून समोर ठेवले आणि म्हणाल्या, "वाच." मी वाचला. 'त्यांनी नकार हसत स्वीकारला' इथं आले तशा त्या म्हणाल्या, "थांब. हे खोटं हाय."

मी म्हणाले, "काकू, माझ्यासमोर हसले ते."

"तुझ्यासमोर हसले असतील. घरी आले न् जेवले नाय. गच्चीवर गेले न् तुला शिव्या दिल्या. लई दिल्या. काल आलेली पोर मला शिकवती म्हणले. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. मी म्हणलं, मग टाका ना छापून, तुमचंच हाय की जर्नल. तर माझ्यावरच खेकसले. म्हणले, माझं असतं तर आत नसतो का बसलो?"

काकूंनी पेरूची ताटली माझ्याकडं सरकवली.

"न् शनिवारी सकाळी उठले, आंघोळ केली, न् मला म्हणले, थर्मास भरून दे."

इतकी वर्षं मला वाटत होतं की बाहेर बसणं त्यांना सोपं जायचं, त्यांचा स्वभावच तसा होता. सोपं बिलकुल नव्हतं. दर शनिवारी तो माणूस आत यायची इच्छा दाबून धरून बाहेर बसायचा.

लेख मी नव्यानं लिहितेय. जर्नलकडंच पाठवणार आहे, पण आताचं मंडळ तो ओळखेल, तेव्हा ही तुकडी बाहेर पडेपर्यंत थांबेन. एका ओळखीच्या प्राध्यापकांनी परवा सुचवलं, मी एक फोन केला तर याच अंकात येईल. मी त्यांना म्हणाले, असा फोन कुणी केलाच, तर मीच त्या पोरांच्या बाजूनं येऊन उभी राहीन. दाराबाहेर.